मोताळ्याची वरात आणि मुंबईचे दहा राग

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल घरीच ठेवा, आपण जातो आहोत तिथे त्याचा काही उपयोग नाही. पायात चपला घाला, डोक्याला उपरणं गुंडाळा. आणि एकेक रुपयाच्या चार नोटा वरच्या खिशात राहू द्या, लागतील.

आता डोळे उघडा. साल 1982, लग्नसराई. मोताळ्याच्या आसपासचं एक गाव, मलकापूर रस्त्यापासून जरा आत. दिवस मावळून अर्धा तास झालाय, पण जमीन अजून तापलेलीच आहे. चपलेच्या तळातून ऊब वर येते. मांडवाच्या मागे आचाऱ्याची चूल पेटली आहे. झाऱ्यातून बुंदी तेलात पडतेय आणि तिचा गोडसर धूर थेट तुमच्या नाकात. शेजारी वांग्याच्या भाजीचं भलंमोठं पातेलं. पोटात कावळे ओरडायला लागले तरी थांबा, नवरदेव मांडवात आल्याशिवाय पंगत बसत नाही.

कडुनिंबाच्या फांदीला भोंगा बांधला आहे. खाली टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, त्याला ट्रकची बॅटरी जोडलेली, कारण गावातल्या लाइटचा भरवसा कुणी धरत नाही. साउंड सर्व्हिसवाला पोरगा मिसरूडही न फुटलेला, पण आज त्याच्यासारखा रुबाब नवरदेवाचाही नाही. सदऱ्याच्या टोकाने तो रेकॉर्ड पुसतो, सुई अलगद टेकवतो. खरखर, खरखर, आणि मग गाणं शिवाराच्या पार टोकापर्यंत जातं. लहान पोरं टेबलाभोवती गोळा झाली आहेत. रेकॉर्डच्या मधोमध ग्रामोफोनपुढे कान देऊन बसलेला कुत्रा फिरतो आहे आणि तो किती वेळा फिरला हे मोजायची त्यांच्यात पैज लागली आहे. तो कुत्रा लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याच घरी जायचं आहे.

पण आधी वरात.

वेशीकडून आवाज येतो तो कानाआधी छातीत पोचतो. ढोल. मग झांजा, मग क्लॅरिनेटची किंकाळी. गल्ली अरुंद, माणसं बख्खळ. तुम्हाला कुणी ढकलत नाही आणि तरी तुम्ही पुढे सरकत राहता. डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी चालली आहेत. बत्तीचा पांढरा उजेड डोळ्यांत खुपतो, घासलेटचा वास आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळतात, त्यात कुणाच्या तरी कानातला अत्तराचा फाया आणि सगळ्यांचा घाम. बँडवाल्यांच्या अंगात लाल कोट, त्यावर पिवळी झालर, पायात मात्र टायरच्या चपला. या उकाड्यात तो जाड कोट घालून फुंकायचं म्हणजे काय ते जरा जवळ जाऊन बघा. मास्तरांच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरतेय आणि ती पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नाही.

मास्तर सगळ्यांत पुढे. नवरदेवाच्या चुलत्याने नोट ओवाळली की ती मास्तरांकडे जाते. फर्माईश झाली की ती मास्तरांनाच सांगतात. तुम्ही मात्र मागे चला, पार शेवटच्या रांगेत. तिथे एक माणूस युफोनियम घेऊन उभा आहे, पितळेचं जडशीळ वाद्य पोटाशी धरून. त्याच्या कोटाची दोन बटणं तुटली आहेत. तो गाणं वाजवत नाहीच मुळी. गाण्याच्या खालचा बास सांभाळतो. दोन-तीन सूर, फिरून तेच, न चुकता, दोन तास. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो थांबला तर वरातीतल्या प्रत्येकाला काहीतरी हरवल्यासारखं वाटेल, पण काय हरवलं ते कुणाला सांगता येणार नाही. खिशातली एक नोट त्याला द्या. तो क्षणभर गोंधळेल, मग ओठ वाद्यावरून न काढता मान हलवेल.

आणि आता ती धून सुरू झाली, जिची सगळे वाट बघत होते. नागाची. पोरांनी रुमाल दातात धरला, एक जण गुडघ्यावर बसला, एक जण चक्क फुफाट्यात आडवा झाला. धूळ उडाली, ती घामेजल्या मानेवर चिकटली. क्लॅरिनेट पुंगीसारखं वळवळतं आणि समोरचा नाग डोलतो. हसू नका, तुम्हीही थोड्या वेळात खांदे हलवायला लागाल.

तुम्ही भविष्यातून आलात, म्हणून या पोरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुमच्या कानात सांगतो. ही धून 1954 सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली, संगीत हेमंत कुमार यांचं. पण त्या रेकॉर्डवर पुंगी नाही. तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या वाद्यावर काढला, साथीला रवी हार्मोनियमवर. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले तेच हे कल्याणजी. क्लॅव्हियोलिन म्हणजे आतमध्ये व्हॉल्व्ह असलेली, विजेवर चालणारी छोटीशी पेटी. एका वेळी एकच सूर निघणार. म्हणजे मोताळ्याच्या फुफाट्यात लोळणारी ही पोरं, त्यांचे काका आणि त्यांच्याही आधीची वरात, सगळे 28 वर्षं इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या धुनेवर नाचत आले. कुणाला त्यात परकं काही वाटलं नाही. विजेतून आलेला सूर आमच्या मातीत रुजत नाही, असं जे पुढे मोठमोठे जाणकार म्हणतील, त्यांना या गल्लीत एकदा आणून उभं करायला हवं होतं.

जेवून घ्या. पंगतीत मांडी घालून बसा, पत्रावळीला आधी पाणी शिंपडा. वाढपी धावतच येतो, नको म्हणायच्या आत बुंदी पडलेली असते. रात्री मांडवातच सतरंजीवर अंग टाका. बँडवालेही तिथेच पलीकडे आडवे झालेत, कोट उशाला घेऊन.

सकाळची एस.टी. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून येते. बुलढाणा वर डोंगरावर, तिथे उन्हाळ्यातही पहाटे वारा गार असतो. घाट उतरला की गाडीच्या खिडकीतून भट्टीचं तोंड उघडल्यासारखा वारा आत येतो. ‘मागं सरका भाऊ, मागं लय जागा हाय,’ असं कंडक्टर म्हणतो. मागे जागा नाही. त्याच्या हातातला तिकिटाचा पंच कटकट कटकट वाजत असतो, तिकीट फाडत नसला तरीही. रिकाम्या वेळी माणसाचा हात ताल शोधतोच. एका सीटखाली कोंबड्या, एका मांडीवर आंब्यांची पाटी, तुमच्या खांद्यावर एका झोपलेल्या आजोबांचं डोकं. मलकापूर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटून जातो.

मलकापूर स्टेशनवर माठातलं पाणी प्या आणि मुंबईच्या गाडीत शिरा. हो, शिरा, चढणं हा शब्द या गर्दीला पुरत नाही. भुसावळला केळी घ्या. रात्रभर दाराशी बसून डुलक्या काढा. रुळांच्या सांध्यावर चाकं जो ठेका धरतात तो मनमाडपर्यंत तुमच्या अंगात भिनतो. इगतपुरीला इंजिन बदलतं. गाडी थांबली की पहिल्यांदा गार हवा अंगाला लागते, चहा घशाखाली उतरतो आणि घाट उतरला की हवा एकदम दमट.

मुंबईत शिरताना परळ-करी रोडच्या बाजूला खिडकीतून बघा. चिमण्या उभ्या आहेत, धूर नाही. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू आहे. खामगावच्या बाजारातून कापूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहराकडे आला, तिथले माग थांबलेत. रुळांलगतच्या चाळींच्या गॅलरीत भरदिवसा पुरुष बसलेले दिसतात. एरवी या वेळी ते पाळीवर असते. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. इथे तोंड उघडू नका.

चला, आता त्या कुत्र्याच्या घरी. एचएमव्हीचा स्टुडिओ. जाड दार ओढलं की बाहेरची मुंबई कापून टाकल्यासारखी गप्प होते. आत एसीचा गारवा, इतका की कालचा घाम अंगावर थंड पडतो. गालिच्याचा वास, तापलेल्या यंत्रांचा वास. पाय न वाजवता भिंतीला टेकून उभे राहा.

समोर चरणजीत सिंग बसले आहेत. वय चाळिशीचं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं नक्की आहे, कडुनिंबावरच्या त्याच भोंग्यातून. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदात ते वर्षानुवर्षं वाजवत आले: बास गिटार, गिटार, ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवरचा अ‍ॅकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पन्नास-साठ वादक दाटीने बसायचे, एकाची मात्रा चुकली की सगळ्यांचा टेक पुन्हा पहिल्यापासून. काम संपलं की पाकीट घ्यायचं आणि दुसऱ्या स्टुडिओकडे पळायचं. पोस्टरवर नट-नट्यांची नावं, तबकडीवर गायकांची आणि संगीतकाराची. शेवटच्या रांगेत बास सांभाळणाऱ्याचं नाव तिथे छापायची पद्धतच नव्हती.

आज मात्र या खोलीत दुसरं कुणी नाही. ना व्हायोलिनचा ताफा, ना तबलजी. एकटे ते आणि त्यांच्यापुढे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं.

सिनेमात तेव्हा डिस्कोची लाट होती. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला तसलंच गाणं हवं होतं. चरणजीत सिंग यांनाही दिवसभर तेच वाजवावं लागे. त्यांच्या मनात आलं, डिस्कोचाच ठेका घ्यावा, पण वर सिनेमाची चाल नको, राग वाजवावा. तबला बंद ठेवावा. सिंगापूरहून आणलेली ही नवी यंत्रं एकमेकांना जोडली की एका तालात चालतात, हे त्यांनी घरी सराव करताना हेरलं होतं. तीनही यंत्रं बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते. जगात बहुतेकांना त्यांचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

जरा जवळ या, हात न लावता बघा.

पहिलं यंत्र टीआर-808, ताल देणारं. त्याच्या खालच्या कडेला ओळीने 16 बटणं: लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. प्रत्येक बटण म्हणजे एक घर. ज्या घरात ठोका हवा ते दाबायचं, की दिवा लागतो. मग ती ओळ आपोआप फिरत राहते. सोळा घरं! आपल्या तीनतालाच्या मात्राही सोळाच. डिस्कोचा खालचा ठोका पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात पडतो. बोटांवर मोजून बघा: पहिलीवर सम, पाचवीवर टाळी, तेरावीवर टाळी आणि नववीवर खाली. तबलजी खालीच्या भागात डग्गा आवरतो, हवेत जागा सोडतो. हे यंत्र तिथेही तेवढ्याच जोराने ठोका देतं. तीनतालाची खाली भरून टाकली की डिस्को होतो. तबला बंद करण्याचा अर्थ इथे तुमच्या पायाला कळतो. तो आपोआप हलायला लागतो आणि थांबायची सवड कुठेच मिळत नाही.

दुसरं यंत्र टीबी-303. वहीएवढी चंदेरी डबी. गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना बासची साथ मिळावी म्हणून काढलेली, म्हणजे मोताळ्याच्या शेवटच्या रांगेतल्या त्या युफोनियमवाल्याचं काम करण्यासाठी. वर बारीक बारीक खुंट्या, खाली पेटीच्या पट्ट्यांसारखी बटणं. हिच्यात ‘स्लाइड’ नावाची एक सोय आहे: एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं. आपल्या कानाला ती मींड लागते. ज्या देशात हार्मोनियमला मींड येत नाही म्हणून आकाशवाणीने तिला 1940 पासून तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्या देशात ही डबी मींड घेत बसली आहे.

तिसरं ज्युपिटर-8, मोठा कीबोर्ड, एका वेळी आठ सूर काढणारा. राग वाजणार तो याच्यावर.

लाल दिवा लागला. श्वास रोखा.

पहिला राग भैरवी. मैफलीत भैरवी शेवटी येते. ती झाली की माणसं चपला शोधायला लागतात. इथे सुरुवातच तिने होते. आधी ठोका, मग खालून 303 चा बास, ओलसर आवाजाचा, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा फिरणारा. आणि त्याच्यावर ज्युपिटरवरून कोमल सुरांची लड सोडली जाते, झरझर, सतारीचा झाला ज्या वेगाने वाजतो त्या वेगाने. तुमच्या आजोबांना हिच्यातली भैरवी ओळखू आली असती. तुमच्या पोरालाही ही आवडेल. मध्ये जो ठोका आहे तो दोघांनाही एकाच खोलीत धरून ठेवतो.

एक राग साधारण पाच मिनिटांचा. मग ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार. यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पहाटेचा राग आणि मध्यरात्रीचा राग, दोघांच्या खाली ठोका तोच. दोन दिवसांत काम आटोपलं. चरणजीत सिंग उठतात, वायरी गुंडाळतात, यंत्रं खोक्यात भरतात. कुणी टाळ्या वाजवत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत तशी रीतच नसते.

तबकडी निघाली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वर नाव एकट्या चरणजीत सिंग यांचं. त्यातलं थोडं रेडिओवरही वाजलं. विकली मात्र गेली नाही. राग ऐकणाऱ्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवर नाचणाऱ्यांना ती क्लासिकल. मला विचाराल तर दोघांनीही ती दुकानात उचलून पाहिली आणि कव्हर वाचून खाली ठेवली. ती मोताळ्याच्या भोंग्यापर्यंत पोचली असती तर निकाल वेगळा लागला असता, हे मी ठामपणे म्हणतो. वरातीत कव्हर कुणी वाचत नाही; ठोका छातीत पोचला की माणूस नाचतो.

चरणजीत सिंग यांनी तक्रार केली नाही. ते पुन्हा कामाला लागले, लग्नसमारंभात आपल्या ऑर्केस्ट्रासह वाजवत राहिले.

आता थोडं पुढे सरकू, भर्रकन. 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर नावाच्या गटाने त्याच 303 मधून तसलाच वळवळता बास काढला. तिकडे त्या संगीताला अ‍ॅसिड हाउस म्हणू लागले आणि ते जगभर पसरलं. मुंबईच्या तबकडीची शिकागोला गंधवार्ता नव्हती. 2002 मध्ये एदो बाउमन नावाचा डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्ड चाळत होता. त्याच्या हाताला ही लागली. सुई टेकवली आणि तो चक्रावला. त्याने पुढे चरणजीत सिंग यांना मुंबईत शोधून काढलं आणि 2010 मध्ये तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, ही कुणीतरी आजच बनवलेली थट्टा आहे; इतक्या आधी, तेही मुंबईत, हे होणं शक्यच नाही. मग उलट टोकाचे लोक आले: अ‍ॅसिड हाउसचा जनक हाच. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा येतो. शिकागोची नाळ शिकागोला. चरणजीत सिंग यांनी जे केलं ते शिकागोच्या आधी केलं म्हणून मोठं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्याखाली बास धरणारा माणूस एके दिवशी यंत्रं घेऊन एकटा बसला आणि आपल्याला येत असलेले दहा राग त्याने आपल्या मनासारखे वाजवले. मोठेपण त्यात आहे.

असं एकट्याने बसणं पुढे इतरांनीही केलं. मुंबईच्या स्काय रॅबिट या बँडचा गायक रक्षित तिवारी याने ‘युअर चिन’ या नावाने एकट्याची इलेक्ट्रॉनिक पॉप गाणी काढली. बँडमधून बाहेर येऊन लॅपटॉप आणि कीबोर्डवर स्वतःचं काही करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. बुलढाण्यातली एखादी पोरगीही आपल्या खोलीत बसून हे करू शकते, आणि करावंच.

शेवटच्या वर्षांत चरणजीत सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. सत्तरी ओलांडलेला हा वादक तीच यंत्रं घेऊन मंचावर बसला आणि समोर हजारो मैलांवरची तरुण पोरं भैरवीवर नाचली. जुलै 2015 मध्ये ते मुंबईत गेले. ती तबकडी आज ऐकायला सहज मिळते. लहान स्पीकरवर लावू नका, खालचा बास त्यात उमटतच नाही. मोठ्यावर लावा, आवाज वाढवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून राग ओळखायला सांगा.